प्रभाग रचनेचे गणित : नाशिकचा नकाशा न्याय्य आहे का, हे स्वतः तपासण्याची पद्धत

महानगरपालिकेची प्रारूप प्रभाग रचना जाहीर झाली की नाशिकमध्ये दोन प्रकारची चर्चा सुरू होते. एका बाजूला इच्छुक उमेदवार आपला हक्काचा परिसर शेजारच्या प्रभागात गेला म्हणून चिडलेले असतात, तर दुसऱ्या बाजूला सामान्य नागरिक नकाशावरची एखादी वेडीवाकडी रेषा पाहून ‘यात काहीतरी काळेबेरे आहे’ असे म्हणून गप्प बसतात. दोन्ही प्रतिक्रियांत मोजमाप नसते. प्रभागाची रेषा वेडीवाकडी का आहे, ती सरळ असती तर काय झाले असते आणि हाच नियम पाळून आणखी किती नकाशे काढता आले असते, हे प्रश्न मोजता येण्यासारखे आहेत आणि गेल्या काही दशकांत गणितज्ञांनी ते मोजण्याच्या पद्धतीही तयार केल्या आहेत. या लेखात त्या पद्धती नाशिकच्या संदर्भात, क्रमाने आणि स्वतः करून पाहता येतील अशा रीतीने मांडल्या आहेत. लेखाची भूमिका एकच आहे: नकाशा कसा दिसतो किंवा त्यातून कोण निवडून आले, यावरून तो न्याय्य ठरत नाही, त्याच शहरात आणि त्याच नियमांत शक्य असलेल्या इतर नकाशांशेजारी ठेवूनच त्याची पारख करावी लागते.

पहिली पायरी : नियमांतून निघणारे आकडे

मोजायला बसण्यापूर्वी कायदा कोणते आकडे ठरवून देतो ते लिहून काढावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार ज्या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक आणि २४ लाखांपर्यंत आहे, तेथे किमान ११५ नगरसेवक असतात आणि १२ लाखांवरील प्रत्येक ४०,००० लोकसंख्येमागे एक जागा वाढते. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. त्यातून १२ लाख वजा केल्यावर २,८६,०५३ उरतात, त्यांत ४०,००० सात वेळा बसतात, म्हणून ११५ अधिक ७ म्हणजे १२२ जागा होतात. नाशिकच्या १२२ नगरसेवकांचा आकडा असा आला आहे. कोणी तो मनाने ठरवलेला नाही.

आता लोकसंख्येला जागांनी भागावे. १४,८६,०५३ भागिले १२२ म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी १२,१८१ लोक. २०१७ च्या निवडणुकीत नाशिकमध्ये ३१ प्रभाग होते, त्यांतील २९ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे. म्हणजे चार सदस्यीय प्रभागाची आदर्श लोकसंख्या ४८,७२३ आणि त्रिसदस्यीय प्रभागाची ३६,५४२ होते. राज्य निवडणूक आयोगाचे निर्देश या सरासरीपासून १० टक्के कमी किंवा अधिक इतकी मोकळीक देतात. त्यामुळे चार सदस्यीय प्रभाग सुमारे ४३,८५१ ते ५३,५९५ आणि त्रिसदस्यीय प्रभाग सुमारे ३२,८८८ ते ४०,१९६ या मर्यादेत बसायला हवा. हे चार आकडे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीला ते लागतात.

जागांची संख्या ठरलेली असली तरी त्या कशा बांधायच्या हे ठरलेले नसते, याचा पुरावा नाशिकच्याच अलीकडच्या इतिहासात आहे. २०१२ मध्ये याच १२२ जागा दोन सदस्यांच्या ६१ प्रभागांत विभागल्या होत्या. पुढे २०२२ मध्ये जागांचे सूत्रच तात्पुरते बदलून १३३ जागा आणि ४४ प्रभाग अशी रचना आखली गेली आणि नंतर ती बाजूला पडली. एका प्रभागात किती सदस्य, हा निर्णय रेषा कुठून जाते या निर्णयाइतकाच परिणामकारक असतो; त्याचा हिशेब पुढे येईलच.

दुसरी पायरी : माहिती जमवणे

प्रारूप रचनेसोबत प्रत्येक प्रभागाची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या, प्रभागाची व्याप्ती आणि चारही दिशांच्या सीमांचे वर्णन प्रसिद्ध केले जाते. ही माहिती प्रथम स्प्रेडशीटमध्ये भरावी. प्रभागांची रचना जनगणनेच्या प्रगणक गटांवरून होते. एका गटात साधारणपणे ६०० ते ८०० लोक येतात, म्हणजे संपूर्ण नाशिकसाठी सुमारे दोन हजार गट धरावे लागतील. गटनिहाय आकडे आणि त्यांचे नकाशे मिळाले तर उत्तम. मिळाले नाहीत तर मतदार यादीचे भाग हे एकक धरून काम करता येते, कारण महापालिका निवडणुकीसाठी विधानसभेचीच मतदार यादी प्रभागनिहाय फोडली जाते. नाशिक शहरापुरते पाहिले तर नाशिक पूर्व, नाशिक मध्य आणि नाशिक पश्चिम हे तीन विधानसभा मतदारसंघ आणि देवळालीचा काही भाग लागतो.

सीमा रेखाटण्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा पायाशी ठेवून अधिसूचनेतील वर्णन वाचत वाचत, ‘अमुक चौकापासून नाल्यापर्यंत, तेथून नाल्याने नदीपर्यंत’ या क्रमाने रेषा ओढाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते दोघांनी मिळून करावे: एकाने वाचावे, दुसऱ्याने रेषा ओढावी. अधिसूचनेतील वर्णन आणि नकाशातील रेषा एकमेकांशी जुळत नसल्याचे याच टप्प्यावर लक्षात येते. अशी विसंगती सापडली तर तिची वेगळी नोंद ठेवावी, कारण हरकतींवरील सुनावणीत तिच्याइतका निर्विवाद मुद्दा क्वचितच मिळतो.

तिसरी पायरी : शहराचे जाळे तयार करणे

गणिताच्या दृष्टीने शहर म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचे जाळे. प्रत्येक प्रगणक गट किंवा यादीभाग हा एक बिंदू मानावा आणि ज्या दोन गटांची सीमा सामाईक आहे त्यांच्यामध्ये एक रेषा ओढावी. प्रभाग सलग असणे याचा अर्थ असा, की त्यातील कोणत्याही बिंदूपासून दुसऱ्या कोणत्याही बिंदूपर्यंत, प्रभागाबाहेर न पडता, या रेषांवरून जाता आले पाहिजे.

नाशिकमध्ये हे जाळे डोळे मिटून बनवता येत नाही. गोदावरीच्या दोन काठांवरचे गट नकाशात एकमेकांना चिकटलेले दिसतात, पण पूल नसलेल्या ठिकाणी त्यांचा दैनंदिन संबंध नसतो. म्हणून नदीपलीकडची रेषा फक्त पूल असेल तेथेच ओढावी, हा माझा आग्रह आहे: अहिल्यादेवी होळकर पूल, गाडगे महाराज पूल, रामवाडी पूल, अशा एकेका पुलाची खात्री करून. हीच काळजी नासर्डी, वाघाडी आणि वालदेवी या नद्यांबाबत, तसेच मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिकरोडच्या रेल्वेमार्गाबाबत घ्यावी; उड्डाणपुलाखालून रस्ता जातो तेथे जोडणी आहे, नुसती भिंत आहे तेथे नाही. देवळाली छावणी मंडळ आणि भगूर नगरपालिका महापालिकेच्या हद्दीत नसल्यामुळे त्या बाजूला जाळ्याची कड दातेरी होते आणि तेथील प्रभाग कोणी कितीही प्रामाणिकपणे आखले तरी ते बेढबच दिसतात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींचे क्षेत्र मोठे पण रहिवासी थोडे, त्यामुळे ते ज्या प्रभागात जातात तो नकाशावर अवाढव्य दिसतो. यापैकी कशातही लबाडी नाही.

चौथी पायरी : लोकसंख्येची तपासणी, एकेकट्या प्रभागाची आणि एकत्रितही

प्रत्येक प्रभागासाठी प्रत्यक्ष लोकसंख्येतून आदर्श लोकसंख्या वजा करून, उत्तराला आदर्श लोकसंख्येने भागून टक्केवारी काढावी. सगळे प्रभाग वजा १० ते अधिक १० या पट्ट्यात आले की बहुतेक जण समाधान मानतात. ते पुरेसे नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे, की पट्ट्याची दोन टोके परस्परांपासून बरीच दूर आहेत. ४३,८५१ लोकांचा प्रभागही चार नगरसेवक निवडतो आणि ५३,५९५ लोकांचा प्रभागही चारच. लहान प्रभागातील रहिवाशाच्या मताचे वजन मोठ्या प्रभागातील रहिवाशाच्या मताच्या १.२२ पट होते, आणि तरीही दोन्ही प्रभाग नियमात बसतात.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते एकेक प्रभाग पाहून कधीच दिसत नाही. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, नाशिकरोड आणि सातपूर असे महापालिकेचे सहा विभाग आहेत. समजा, त्यांपैकी एका विभागातील पाच चार सदस्यीय प्रभाग प्रत्येकी ८ टक्क्यांनी मोठे निघाले. प्रत्येक प्रभाग मर्यादेत आहे. पण त्या पाचांतील जादा लोकसंख्या मिळवली तर ती ५ गुणिले ०.०८ गुणिले ४८,७२३ म्हणजे सुमारे १९,४८९ भरते, आणि एका नगरसेवकामागे १२,१८१ लोक या हिशेबाने तो विभाग १.६ जागांनी तुटीत जातो. त्या १.६ जागा दुसऱ्या एखाद्या विभागाकडे गेलेल्या असतात. म्हणून टक्केवारीच्या स्तंभाशेजारी विभागाचे नाव लिहून विभागवार बेरीज अवश्य करावी. मोठे आणि लहान प्रभाग शहरभर विखुरलेले असतील तर तो योगायोग मानता येतो. एका बाजूला सगळे मोठे आणि दुसऱ्या बाजूला सगळे लहान असतील तर विचारायला जागा आहे.

याच पायरीत जुन्या जनगणनेचा प्रश्नही येतो. २०११ नंतर पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगाव, गंगापूर रोड अशा कडेच्या भागांत वस्ती वाढली आहे, तर जुन्या नाशिकच्या गावठाणात फारशी वाढ होण्यास जागाच नव्हती. कागदावर समान असलेले प्रभाग प्रत्यक्षात समान नसतील, हे उघड आहे. कायदा जनगणनेचाच आकडा मानतो, त्यामुळे त्याविरुद्ध हरकत टिकत नाही. तरीही प्रभागनिहाय मतदारसंख्येचा स्तंभ शेजारी ठेवल्यास नव्या जनगणनेनंतर कोणत्या सीमा हलणार आहेत याचा अंदाज आधीच येतो.

पाचवी पायरी : आकार, पण मर्यादित विश्वासाने

अमेरिकेत १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात आखलेला एक मतदारसंघ सॅलमँडर या प्राण्यासारखा दिसला आणि त्यावरून अशा खोडसाळ आखणीला ‘जेरीमँडरिंग’ हे नाव पडले. तेव्हापासून विचित्र आकार म्हणजे लबाडी असा समज रूढ आहे. आकार मोजण्याची सर्वांत प्रचलित पद्धत पोल्सबी आणि पॉपर यांच्या नावाने ओळखली जाते: ४ गुणिले पाय गुणिले क्षेत्रफळ, भागिले परिमितीचा वर्ग. वर्तुळाला १, चौरसाला ०.७९ आणि लांबी रुंदीच्या चौपट असलेल्या आयताला ०.५० गुण मिळतात. क्यूजीआयएसमध्ये क्षेत्रफळ आणि परिमिती आपोआप मिळत असल्यामुळे हे काम थोड्या वेळात होते.

पण नदीकाठच्या प्रभागाला हे सूत्र हमखास कमी गुण देते, कारण गोदावरीचे प्रत्येक वळण परिमितीत मोजले जाते आणि नकाशा जितका बारकाईचा तितकी परिमिती वाढत जाते. त्यामुळे गुणांची तुलना करताना सर्व प्रभाग एकाच नकाशावरून आणि एकाच बारकाईने मोजलेले असावेत. त्याहून बरा उपाय म्हणजे तिसऱ्या पायरीतील जाळ्याच्या किती रेषा प्रभागांच्या सीमांनी तुटल्या, हे मोजणे. शेजारी-शेजारी जितके कमी तुटले तितकी रचना आटोपशीर. नदीच्या वळणांचा यावर काही परिणाम होत नाही.

सहावी पायरी : कागदावर नऊ वस्त्यांचे शहर

आकाराचे गुण आणि निकाल यांचा संबंध किती सैल असतो, हे पेन्सिलीने पाहता येते. सारख्या लोकसंख्येच्या नऊ वस्त्यांचे एक शहर काढावे:

१ २ ३
४ ५ ६
७ ८ ९

याचे तीन-तीन वस्त्यांचे तीन सलग, एकसदस्यीय प्रभाग करायचे आहेत. असे नकाशे एकूण दहाच होतात. तीन आडव्या ओळी हा एक, तीन उभे स्तंभ हा दुसरा. उरलेल्या आठांत कडेची एक पूर्ण ओळ किंवा स्तंभ हा एक प्रभाग असतो आणि बाकीच्या सहा वस्त्या काटकोनी आकाराच्या दोन प्रभागांत दोन प्रकारे विभागल्या जातात. कडा चार असल्यामुळे ते आठ होतात. वाचकांनी ते स्वतः काढून पाहावेत, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

आता १, २, ४ आणि ५ या वस्त्या ‘क्ष’ पक्षाच्या आणि बाकीच्या पाच ‘य’ पक्षाच्या आहेत असे समजू. तीन आडव्या ओळींच्या नकाशात पहिली ओळ क्ष जिंकतो, दुसरीही क्ष, तिसरी य. म्हणजे ४४ टक्के मतांवर क्ष पक्षाला तीनपैकी दोन जागा. १-२-३, ४-७-८ आणि ५-६-९ या नकाशात मात्र क्ष पक्षाला एकच. सगळे दहा नकाशे तपासले तर चार नकाशांत क्ष पक्षाला दोन आणि सहा नकाशांत एक जागा मिळते. गंमत अशी, की तीन चौकोनांची सरळ पट्टी आणि काटकोनी तुकडा या दोन्हींची परिमिती ८ आणि क्षेत्रफळ ३ असल्यामुळे पोल्सबी-पॉपर सूत्राने सर्व दहा नकाशांतील प्रत्येक प्रभागाला अगदी सारखे, ०.५९ गुण मिळतात. लोकसंख्या समान, आकाराचे गुण समान, आणि निकाल वेगळे.

दुसरा प्रयोग आरक्षणाशी आणि विखुरलेल्या समाजघटकांशी निगडित आहे. नऊपैकी तीन वस्त्या एका समाजाच्या आहेत. त्या १, २ आणि ४ अशा कोपऱ्यात एकवटलेल्या असतील तर दहाही नकाशांत त्या समाजाला एका प्रभागात बहुमत मिळते. नकाशा काढणाऱ्याने कितीही प्रयत्न केला तरी ते टाळता येत नाही. त्याच तीन वस्त्या १, ५ आणि ९ अशा कर्णावर असतील तर सहा नकाशांत त्यांना एकही प्रभाग मिळत नाही आणि फक्त चार नकाशांत एक मिळतो. लोकसंख्येचा वाटा दोन्ही वेळी तेहतीस टक्केच. एखाद्या घटकाला वाट्याइतक्या जागा मिळाल्या नाहीत याचा दोष कधी रेषेचा असतो, कधी वस्तीच्या विखुरण्याचा, आणि दोन्हींतला फरक सर्व नकाशे मांडल्याशिवाय कळत नाही. नाशिकसाठी याला व्यावहारिक महत्त्व आहे, कारण अनुसूचित जातींच्या राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येचे प्रमाण ज्या प्रभागांत सर्वाधिक आहे तेथून उतरत्या क्रमाने दिल्या जातात. एखादी सलग वस्ती दोन प्रभागांत फोडली गेली की आरक्षण शहराच्या दुसऱ्याच टोकाला जाऊ शकते; म्हणूनच अशा वस्त्या फोडू नयेत असे निर्देशांत स्पष्ट सांगितलेले असते.

सातवी पायरी : चार सदस्यीय प्रभागाचा गुणाकार

अमेरिकेतील बहुतेक अभ्यास एका जागेच्या मतदारसंघांवर झालेला आहे. तो जसाच्या तसा नाशिकला लावणे चुकीचे ठरेल, कारण येथे चार सदस्यीय प्रभागातील मतदार अ, ब, क आणि ड या चार जागांसाठी चार स्वतंत्र मते देतो. मतदाराने चारही मते एकाच पॅनेलला दिली तर प्रभागात थोडीशी आघाडी असलेला पक्ष चारही जागा घेतो.

एक हिशेब पाहू. लगतच्या चार परिसरांत क्ष पक्षाचा पाठिंबा अनुक्रमे ५४, ५३, ५२ आणि ३८ टक्के आहे. चार एकसदस्यीय प्रभाग असते तर क्ष पक्षाने तीन जिंकले असते आणि य पक्षाने एक. चारांचा मिळून एक प्रभाग केला की सरासरी ४९.२५ टक्के होते आणि क्ष पक्षाच्या हाती एकही जागा लागत नाही. आता चौथा परिसर काढून त्याऐवजी ४५ टक्के पाठिंबा असलेला शेजारचा परिसर जोडला तर सरासरी ५१ टक्के होते आणि चारही जागा क्ष पक्षाकडे येतात. एकाच परिसराच्या अदलाबदलीने चार जागा फिरल्या. प्रत्यक्षात मतदार उमेदवार पाहून मते फोडतात, बंडखोर उभे राहतात, त्यामुळे निकाल इतका यांत्रिक नसतो. तरीही मोठ्या प्रभागात सीमेवरच्या प्रत्येक परिसराचे वजन वाढते, ही गोष्ट खरीच राहते. माझ्या मते नाशिकच्या रचनेवर बोलताना रेषांपेक्षा आधी या गुणाकारावर बोलले पाहिजे. ते फारसे कोणी बोलत नाही.

आठवी पायरी : संगणकाने पर्यायी नकाशे काढणे

नऊ वस्त्यांचे दहा नकाशे हाताने निघाले. छत्तीस वस्त्यांचे सहा प्रभाग करायचे म्हटले तर नकाशांची संख्या ४,५१,२०६ होते, एकोणपन्नास वस्त्यांचे सात प्रभाग करायचे तर १५,८७,५३,८१४, आणि एक्याऐंशी वस्त्यांच्या नऊ प्रभागांसाठी ती पंधरा अंकी होते. दोन हजार गटांच्या नाशिकचे सर्व नकाशे कोणताही संगणक काढू शकणार नाही. म्हणून सर्वांऐवजी नमुना घेतला जातो.

यासाठी सध्या सर्वाधिक वापरली जाणारी रीत अशी आहे. अस्तित्वात असलेल्या रचनेतील दोन शेजारचे प्रभाग यादृच्छिकपणे निवडावेत आणि त्यांचे सर्व गट एकत्र करावेत. त्या गटांना जोडणाऱ्या रेषांपैकी काही पुसून टाकाव्यात, अशा की सर्व गट जोडलेले राहतील पण कोठेही बंद फेरा उरणार नाही. गणितात अशा जाळ्याला वृक्ष म्हणतात, आणि कोणता वृक्ष घ्यायचा हेही यादृच्छिकपणे ठरवावे. वृक्षाची कोणतीही एक फांदी तोडली की त्याचे बरोबर दोन सलग तुकडे होतात. जी फांदी तोडल्यावर दोन्ही तुकडे लोकसंख्येच्या मर्यादेत बसतील ती शोधून तोडावी. तशी एकही नसेल तर नवा वृक्ष घ्यावा. दोन नवे प्रभाग तयार झाले. पुन्हा दुसरे दोन प्रभाग निवडावेत. हे हजारो वेळा केल्यावर मूळ रचनेचा मागमूसही उरत नाही आणि नियमांत बसणाऱ्या नकाशांचा मोठा संच हाती येतो. गेरीचेन नावाचे पायथन भाषेतील मुक्त सॉफ्टवेअर हे काम करते. अभियांत्रिकी किंवा संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते चालवणे अवघड नाही.

नाशिकसाठी त्यात दोन बदल करावे लागतात. चार सदस्यीय आणि त्रिसदस्यीय प्रभाग एकत्र आले तर तुकडे समान नसून चारास तीन या प्रमाणात पाडावे लागतात, आणि कोणता तुकडा चारचा हे लक्षात ठेवावे लागते. दुसरे म्हणजे, ज्या वस्त्या फोडायच्या नाहीत त्यांचे गट आधीच एका बिंदूत विलीन करून टाकावेत, म्हणजे वृक्ष त्यांच्यामधून तुटणारच नाही. शेवटी, दोन वेगवेगळ्या सुरुवातीच्या नकाशांपासून दोन संच तयार करून त्यांची उत्तरे जुळतात का ते पाहावे. जुळत नसतील तर फेऱ्या वाढवाव्यात. तोपर्यंत निष्कर्ष काढू नये.

नववी पायरी : मते बसवणे आणि संच वाचणे

आता प्रत्येक नकाशावर जुन्या निवडणुकीची मते बसवावीत. विधानसभेच्या निकालाचे ‘नमुना २०’ हे सरकारी पत्रक मतदान केंद्रनिहाय मते देते, म्हणून ते सोयीचे पडते. प्रत्येक नकाशात कोणाला किती जागा मिळाल्या असत्या ते मोजून स्तंभालेख काढावा आणि प्रत्यक्ष रचना त्यात कोठे पडते ते पाहावे. मधल्या गर्दीत पडली तर, नकाशा कितीही कुरूप असला तरी, तो शहराच्या भूगोलातून सहज निघणारा नकाशा आहे. हजारांत पाच-दहा नकाशेच जेथे पोहोचतात अशा टोकाला ती पडली तर तिचे स्पष्टीकरण मागण्यास आधार मिळतो. काय मोजायचे हे संच पाहण्यापूर्वीच ठरवून लिहून ठेवावे. वीस गोष्टी मोजल्या तर एखादी टोकाला निघणारच.

‘वाया गेलेल्या मतां’वर आधारित कार्यक्षमता-तफावत हे मापही अनेकांच्या ऐकिवात असते. हरलेल्या उमेदवाराची सर्व मते आणि जिंकलेल्याची निम्म्याहून अधिक असलेली मते वाया गेली असे मानून दोन्ही पक्षांच्या बेरजांतील फरकाला एकूण मतांनी भागतात. आपल्या नऊ वस्त्यांच्या शहरात आडव्या ओळींच्या नकाशात ही तफावत २७.८ टक्के क्ष पक्षाच्या बाजूने येते आणि १-२-३, ४-७-८, ५-६-९ या नकाशात ५.६ टक्के य पक्षाच्या बाजूने. माप सुटसुटीत आहे, पण ते दोन पक्षांच्या लढतीसाठी घडवलेले आहे. चौरंगी लढती, अपक्ष आणि चार-चार मते असलेल्या आपल्या निवडणुकीत ते वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यायालयांनी या गणिताकडे कसे पाहिले, हेही माहीत असावे. नॉर्थ कॅरोलिनात १३ पैकी १० जागा एका पक्षाला देणारा नकाशा ड्यूक विद्यापीठातील गणितज्ञ जोनाथन मॅटिंग्ली यांनी २४,००० हून अधिक पर्यायी नकाशांशी ताडून पाहिला आणि २०१६ ची मते बसवल्यावर असा निकाल त्यांतील एक टक्क्याहून कमी नकाशांत आढळला. तरीही २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय आखणीचा प्रश्न संघीय न्यायालयांच्या अखत्यारीत येत नाही असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. त्याच्या आदल्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या राज्य सर्वोच्च न्यायालयाने मात्र अशाच प्रकारच्या संगणकीय पुराव्याची दखल घेत नकाशा रद्द केला होता.

दहावी पायरी : हरकत लिहिणे

येथे अनेक अभ्यासू नागरिक अडखळतात. आपल्याकडील प्रभाग रचनेच्या नियमांत पक्षांच्या मतांचा विचारच नाही, त्यामुळे ‘या रचनेने अमुक पक्षाला फायदा होतो’ अशी हरकत कितीही भक्कम स्तंभालेखासह दिली तरी ती नियमबाह्य म्हणून बाजूला पडते. संचाचा उपयोग हरकतीत छापण्यासाठी कमी आणि कोठे पाहायचे हे कळण्यासाठी अधिक आहे. बहुतेक पर्यायी नकाशांत एकत्र राहणारे दोन परिसर प्रत्यक्ष रचनेत तुटले असतील, तर त्या सीमेवर जाऊन पाहावे: रेषा रस्त्याने, नाल्याने, रेल्वेमार्गाने जाते की इमारतींच्या मधून? वस्ती फुटली आहे का? प्रभागाच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाण्यासाठी पूल आहे का?

हरकतीत एका वेळी एकच सीमा घ्यावी. प्रभाग क्रमांक, अधिसूचनेतील सीमेचे शब्द, संबंधित निर्देश आणि आपला पर्याय हे चार भाग पुरेसे होतात. पर्याय देताना हलवल्या जाणाऱ्या गटांची लोकसंख्या आणि बदलानंतर दोन्ही प्रभागांची लोकसंख्या मर्यादेत राहते याचे आकडे लिहावेत, कारण एका प्रभागातून काढलेले लोक दुसऱ्यात मिळवावेच लागतात आणि बहुसंख्य हरकती नेमके तेवढेच विसरलेल्या असतात. विभागवार तुटीचा मुद्दा असेल तर त्याची बेरीज एका पानावर वेगळी जोडावी. नकाशा शक्यतो ए-३ कागदावर, जुनी सीमा काळ्या आणि सुचवलेली सीमा लाल रेषेने दाखवून द्यावा, आणि सुनावणीला जाताना त्याच्या दोन जादा प्रती सोबत ठेवाव्यात.